लातूरच्या कडेची एक रोपवाटिका आणि आश्विनातला तिचा कट्टा

लातूर शहराची वस्ती जिथे विरळ होते आणि सोयाबीनची वावरे सुरू होतात, तिथे एका जुन्या कडुलिंबाखाली आणि त्याच्या मागच्या शेडनेटमध्ये एक रोपवाटिका आहे. आमच्या वसाहतीतल्या अंगणांत आणि गच्च्यांवर आज जी झाडे उभी आहेत, त्यांतली बरीचशी तिथूनच आलेली आहेत. मालकांना सगळे अप्पा म्हणतात. नाव-पत्ता लिहू नका, आहे त्या गिऱ्हाइकांशी नीट बोलायलाच दिवस पुरत नाही, असे त्यांनी आवर्जून सांगितले आहे आणि त्यांच्या शब्दाचा मान मी राखते आहे. तरीही या जागेविषयी सविस्तर लिहावेसे वाटते, कारण काळ्या मातीत, बोअरच्या जड पाण्यावर आणि काही दिवसांआड येणाऱ्या नळावर बाग करणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसाने रोपवाटिका कोणत्या कसोट्यांवर पारखावी, हे इथे पुरेपूर पाहायला मिळते. त्या कसोट्यांवर अप्पा काही ठिकाणी पूर्ण उतरतात आणि काही ठिकाणी उतरत नाहीत.

हा आढावा आश्विनातला आहे, हे आधी सांगायला हवे. आपल्याकडे बागेची सुरुवात वर्षातून दोनदा होते. एक मृगाच्या पावसाबरोबर आणि दुसरी पाऊस मागे सरल्यावर, घट बसण्याच्या सुमारास. मोठ्या झाडांसाठी पहिली वेळ योग्य असली, तरी कुंडीतली फुलझाडे, गुलाब आणि हिवाळी भाजीपाला यांच्यासाठी खरी वेळ ही दुसरीच असते. मात्र या दिवसांत एक अडचण असते. ढग निघून गेलेले असतात, जमिनीत ओल असते, रात्री गारवा जाणवू लागतो आणि दुपारचे ऊन मात्र चैत्राची आठवण करून देते. शेडनेटच्या सावलीतून उचललेले कोवळे रोप अशा दिवसांत सरळ गच्चीवर नेऊन ठेवले, तर त्याची पाने पाहता पाहता करपतात. त्यामुळे ‘आजच घेऊन जा’ म्हणणारा विक्रेता आणि ‘थोडे थांबा’ म्हणणारा विक्रेता यांच्यातला फरक आश्विनात जितका स्पष्ट दिसतो, तितका इतर कोणत्याही महिन्यात दिसत नाही. अप्पा थांबायला सांगतात. ‘काकू, दिवाळी होऊ द्या, आत्ता हे तुमच्या गच्चीवर तग धरायचं नाही,’ असे म्हणून हातातला जरबेरा परत जागेवर ठेवणारा दुकानदार मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

या रोपवाटिकेत मी सर्वांत जास्त मोल कशाला देत असेन, तर ते कडुलिंबाखालच्या कट्ट्याला. विक्रीच्या जागेत गिऱ्हाइकाला बसू देणे, तेही काही घेण्याचा आग्रह न करता, हा सेवेचाच भाग मानला पाहिजे. नवरात्राच्या आधीच्या रविवारपासून तुळशीच्या लग्नापर्यंत सकाळी तिथे आसपासच्या वसाहतींतली माणसे जमतात. हायस्कुलातून निवृत्त झालेले एक गुरुजी, गच्चीवर वर्षभराची भाजी काढणाऱ्या एक मावशी, शिलाईचे दुकान सांभाळून दारात देशी गुलाब जपणारे एक चाचा, अलीकडेच भाड्याने राहायला आलेले एक तरुण दांपत्य, अशी ही मंडळी. बोलणे झाडांपासून सुरू होते आणि गल्लीत शिरते, किंवा गल्लीतून सुरू होऊन झाडांपाशी येते. नळाला या वेळी किती दिवसांनी पाणी आले, मोकळ्या प्लॉटवर पालापाचोळा कोण जाळतो, कोणाच्या शेवग्याची फांदी कोणाच्या गच्चीवर झुकली आहे, कोजागरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांसाठी चहाची व्यवस्था कोण करणार आहे, असे विषय निघतात आणि त्यांतले बरेचसे तिथेच मिटतात. शेवग्याचा वाद गुरुजींनी असाच मिटवला. पाऊस संपल्यावर उंच गेलेल्या फांद्या उतरवल्या, की शेवग्याला खालून नवे फुटवे येतात आणि शेंगा हाताशी लागतात, शिवाय त्याचे लाकूड ठिसूळ असल्याने वाऱ्यात मोडून पडण्याचा धोकाही टळतो, हे दोन्ही शेजाऱ्यांना पटले. फांदी उतरली, पाला दोन्ही घरांच्या वरणात गेला.

शेवंतीची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे. मावशींच्या घरासमोरच्या खांबावर नवा प्रखर दिवा बसला. त्यानंतरच्या आश्विनात फाटकापाशी ठेवलेल्या शेवंतीच्या कुंड्या हिरव्यागार राहिल्या, पण त्यांना कळी काही धरली नाही. त्याच वाणाच्या मागच्या अंगणातल्या कुंड्या मात्र कळ्यांनी भरल्या. खत कमी पडले, पाणी जास्त झाले, कोणाची नजर लागली, अशी सगळी कारणे कट्ट्यावर सुचवून झाली. अप्पांनी आधी कुंड्या कुठे ठेवल्या आहेत ते विचारले आणि मग कारण सांगितले. शेवंती हे लहान दिवसांचे झाड आहे. दिवस लहान होऊन रात्र लांबली आणि ती अखंड अंधारी राहिली, तरच झाड पाने वाढवणे थांबवून कळी धरते. मध्येच उजेड पडत राहिला, तर झाडाच्या लेखी उन्हाळ्याचा लांब दिवस अजून संपलेलाच नसतो. व्यापारी तत्त्वावर शेवंती करणारे उत्पादक फुले हव्या त्या तारखेला यावीत म्हणून रात्री मुद्दाम दिवे लावून कळी लांबवतात, ती याच गुणाच्या आधारावर. मावशींनी कुंड्या मागे हलवल्या. या सगळ्या चर्चेत अप्पांची एका रुपयाचीही विक्री झाली नाही. त्यानंतर वसाहतीतल्या लोकांनी दिव्याला फाटकाच्या बाजूने पत्र्याची आड लावून घेतली, हेही त्या चर्चेतूनच घडले.

पाण्याबद्दलची बोलणी इथे वेगळ्या गांभीर्याने होतात आणि त्याला कारण आहे. 2016 साली लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, ते दिवस या कट्ट्यावरच्या बहुतेकांनी पाहिलेले आहेत. त्या उन्हाळ्यात ज्यांच्या बागा गेल्या, त्यांनी नव्याने बाग करताना झाडांची निवडच बदलली. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी झाडांना घालावे का, हा प्रश्न तिथे दर वर्षी निघतो. अप्पांचे उत्तर ठाम आहे आणि ते योग्यही आहे. त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार अधिक दाट झालेले असतात. बोअरचे पाणी आधीच जड असलेल्या घरात तेच पाणी रोज कुंडीत गेले, तर मातीवर आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर चढतो आणि पानांच्या कडा वाळू लागतात. ते फरशी धुण्यास वापरावे, फार तर अंगणातल्या मोठ्या झाडाला अधूनमधून द्यावे. त्याउलट वातानुकूलन यंत्रातून ठिबकणाऱ्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, ते कुंड्यांना चालते. गुरुजींच्या मुलाने यंत्राची नळी आता थेट एका पिंपात सोडली आहे.

आता रोपांकडे येते. कोणत्याही रोपवाटिकेची परीक्षा पानांवरून करू नये, मुळांवरून करावी, आणि ही परीक्षा करू देण्याची तयारी अप्पांकडे आहे. विचारले तर ते पिशवी बाजूने कापून मुळांचा गोळा दाखवतात. पांढरी, टोकाला कोवळी मुळे दिसली तर रोप घ्यावे. तपकिरी, मऊ आणि कुबट वासाची दिसली तर वरचे पान कितीही तुकतुकीत असले तरी सोडून द्यावे. 2025 च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, नद्यांचे पाणी शिवारांत शिरले, उभी पिके गेली, आणि रोपवाटिकेतल्या खालच्या रांगाही पाण्यात उभ्या राहिल्या. दसऱ्याचा हंगाम तोंडावर असताना त्या रांगांतली रोपे अप्पांनी विक्रीतून काढून वेगळी ठेवली आणि नवी पांढरी मुळे दिसेपर्यंत ती कोणालाही दिली नाहीत. ज्या शेतकऱ्यांचे सोयाबीन डोळ्यांदेखत कुजले, त्यांच्या तुलनेत हे नुकसान लहान होते, पण एका छोट्या व्यावसायिकासाठी ते लहान नव्हते, याची नोंद घ्यावीशी वाटते.

माझा मुख्य आक्षेपही मुळांपाशीच आहे. दसऱ्याच्या आधी आंध्र प्रदेशातल्या राजमहेंद्रवरमजवळच्या कडियम भागातून रोपांची गाडी येते. त्या भागातल्या रोपवाटिका देशभर रोपे पाठवतात आणि दिसायला ती रोपे अतिशय देखणी असतात. पण त्यांच्या मुळांभोवती चिकट लाल मातीचा घट्ट गोळा असतो, ती गोदावरीकाठच्या दमट हवेत वाढलेली असतात आणि लांबच्या प्रवासानंतर लगेच विक्रीला लागतात. आपल्या काळ्या मातीत तो लाल गोळा तसाच पुरला, तर दोन मातींची पाणी धरण्याची रीत वेगवेगळी असल्याने मुळे गोळ्याच्या बाहेर यायला फार वेळ घेतात. वरची काळी माती ओली दिसते आणि आतला गोळा कोरडा राहतो, किंवा नेमके उलट होते. अशी रोपे निदान पंधरवडाभर सावलीत ठेवून, हळूहळू उन्हाची सवय लावून आणि लाल माती कडेने मोकळी करून मग विकायला हवीत. अप्पांना हे ठाऊक आहे आणि विचारले तर ते सांगतातही. असे असूनही गाडीतून उतरलेली रोपे प्रवेशाजवळ, सर्वांच्या नजरेत भरतील अशी मांडली जातात, आणि त्यांनी स्वतः बियांपासून किंवा छाटापासून इथल्याच मातीत आणि इथल्याच पाण्यावर वाढवलेली, कमी दिखाऊ पण काटक रोपे शेडच्या मागच्या टोकाला, कोणतीही पाटी नसताना पडून असतात. नवख्या गिऱ्हाइकाला दोहोंतला फरक कळण्याचा काहीच मार्ग नाही. ‘इथे वाढवलेले’ आणि ‘बाहेरून आलेले’ अशा दोन पाट्या लावण्याला किती खर्च येईल? हे मी त्यांना समक्ष सांगितले आहे आणि इथेही स्पष्ट लिहिते आहे.

पाट्यांच्या अभावाचा फटका त्या तरुण दांपत्याला बसला. अप्पा गावी गेले असताना तिथल्या कामगाराने त्यांना लाल फुलांचा एक्झोरा दिला आणि ‘कसाही वाढतो’ असे सांगितले. एक्झोरा ही आम्लधर्मी माती मागणारी वनस्पती आहे. आपली काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली, चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची आहे. तिचा सामू, म्हणजे आम्लता-विम्लता दाखवणारा आकडा, बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असतो. अशा मातीत लोह असूनही ते मुळांना उचलता येत नाही. नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जुनी पाने आधी पिवळी पडली तर बहुधा नत्र कमी असते, शेंड्याची नवी पाने पिवळी पडली तर लोह, ही खूण प्रत्येक बागकाम करणाऱ्याने लक्षात ठेवावी. त्या दांपत्याने शेणखत वाढवले, पाणी वाढवले, झाड अधिकच पिवळे झाले. कट्ट्यावर पान दाखवल्यावर उपाय मिळाला. साधे फेरस सल्फेट चुनखडीच्या मातीत लवकरच निरुपयोगी होते. ईडीटीए प्रकारचे चिलेट केलेले, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूत धरून ठेवलेले लोहही सामू साडेसहाच्या वर गेला की नीट टिकत नाही. आपल्या मातीसाठी ईडीडीएचए प्रकारचे लोह मागून घ्यावे लागते, जे महाग असते पण चिमूटभर पुरते. अप्पांकडे चिलेटचे हे दोन्ही प्रकार होते, आणि स्वस्त प्रकार विकण्याची सोय असताना त्यांनी योग्य तोच प्रकार दिला. कामगारांना मात्र निदान इतके शिकवलेच पाहिजे, की एक्झोरा, गार्डेनिया, अझेलिया अशी झाडे मागणाऱ्याला आधी मातीविषयी विचारावे.

कुंडीसाठी ते जे तयार मिश्रण विकतात, ते उत्तम आहे. नुसती काळी माती कुंडीत भरली, तर ओली असताना ती फुगते आणि वाळल्यावर आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते; मग घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते आणि मधला गोळा विटेसारखा कोरडा राहतो. अप्पांच्या मिश्रणात काळी माती एक तृतीयांशाहून अधिक नसते. उरलेल्या भागात जाड वाळू, धुतलेले कोकोपीट, कुजलेले शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड असते. कोकोपीट धुतलेले असणे महत्त्वाचे आहे, कारण नारळाच्या काथ्यात क्षार राहतात आणि आपल्या पाण्यात ते आधीच पुष्कळ असतात. शेणखत कुजलेले असणे त्याहूनही महत्त्वाचे आहे. अर्धकच्च्या शेणखतातून हुमणीच्या अळ्या कुंडीत येतात आणि झाड कोमेजून हातात येईपर्यंत त्यांचा पत्ता लागत नाही. मी इथून नेलेल्या पोत्यांत आजवर हुमणी निघालेली नाही, ही माझ्या दृष्टीने मोठीच शिफारस आहे. निंबोळी पावडरही याच कडुलिंबाची. ज्येष्ठ-आषाढात पडलेल्या निंबोळ्या गोळा करून, सावलीत वाळवून ठेवतात. निंबोळीच्या गराची पन्नास ग्रॅम भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी फडक्याने गाळून फवारायची. आश्विनातली हवा कोरडी होत जाते तसा मावा, फुलकिडे आणि जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण वाढतो; त्याची सुरुवात असतानाच ही फवारणी संध्याकाळच्या वेळी केली, तर तीव्र औषधांची गरज बहुधा पडत नाही.

गुलाबांच्या बाबतीत ही रोपवाटिका आमच्या भागात सर्वांत विश्वासाची वाटते. डोळे भरलेला, म्हणजे रानगुलाबाच्या खुंटावर चांगल्या वाणाचा डोळा बसवलेला गुलाब घेताना खुंट आणि डोळा यांचा जोड भरून आलेला आहे की नाही हे ते बोट ठेवून दाखवतात, आणि जोडाच्या खालून येणारा फुटवा हा रानगुलाबाचा असल्याने तो दिसताच मुळापासून काढावा, हे सांगितल्याशिवाय रोप देत नाहीत. ज्यांचे गुलाब एक-दोन वर्षांनी अचानक बारीक पानांचे आणि बिनफुलांचे झाले आहेत, त्यांच्या बाबतीत बहुधा खुंटाने कलमावर मात केलेली असते. ऑक्टोबरातली छाटणीही अप्पा शिकवतात. पाऊस पूर्ण थांबल्याची खात्री झाल्यावर, वाळलेल्या, आत वळलेल्या आणि एकमेकींना घासणाऱ्या काड्या काढायच्या, चांगल्या काड्या बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या वर तिरक्या कापायच्या आणि कापांना बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावायची. त्यानंतर साधारण दीड महिन्यात फुले येतात. चाचांचे देशी गुलाब मात्र या नियमात बसत नाहीत आणि ते स्वतः त्यांना कात्री फार लावत नाहीत. त्यांच्या हातची काडी अप्पांनीही मागून नेलेली आहे. अप्पांकडचे गुलाब 80 ते 120 रुपयांना मिळतात, ते योग्य आहे.

दसऱ्याच्या सुमारास इथे जी एक चांगली प्रथा आहे, तिच्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. आपट्याच्या पानांना सोन्याचा मान असल्याने दर वर्षी बाजारात फांद्याच्या फांद्या ओरबाडून आणल्या जातात आणि त्यांत पुष्कळदा कांचनाची पाने आपटा म्हणून विकली जातात. अप्पा नवरात्रात आपटा आणि कांचन यांची रोपे शेजारी ठेवतात. आपट्याचे पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीने जास्त आणि खालून फिकट असते. कांचनाचे मोठे आणि पातळ. फुलांवरून तर शंकाच उरत नाही, कारण आपट्याची फुले लहान आणि फिकट पिवळसर असतात, तर कांचनाची मोठी, जांभळी, गुलाबी किंवा पांढरी. येणाऱ्या प्रत्येक लहान मुलाला ते दोन्ही पाने हातात देऊन ओळखायला सांगतात. पानांची जुडी ते विकत नाहीत. हवे असेल तर आपट्याचे रोप घ्या, असे म्हणतात. आमच्या वसाहतीच्या मैदानाकडेला दोन आपटे लागले ते त्यामुळेच. घटासाठी लागणारी वावरातली माती चाळून ते मागणाऱ्याला विनामूल्य देतात, आणि ही माती देताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असते, ते रोप विकताना दिसत नाही.

झेंडूविषयी फार लिहिण्यासारखे नाही. पिवळा आणि केशरी, दोन्ही आफ्रिकन म्हटले जाणारे मोठ्या फुलांचे वाण आणि कुंडीसाठी बुटका फ्रेंच, एवढेच असते. दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर रोपे श्रावणातच न्यावी लागतात. आश्विनात नेलेली रोपे मार्गशीर्षात फुलतात.

फळझाडांमध्ये सीताफळ घ्यावे, बाकीच्यांचा आग्रह धरू नये. बालाघाटच्या डोंगररांगेत सीताफळ आपोआप उगवते, याच दिवसांत अंबाजोगाई-धारूरकडून टोपल्या भरून फळे लातूरच्या बाजारात येतात, आणि बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पाणी कमी, माती हलकी, तरी चालते असे हे झाड आहे. अप्पांकडे बालानगर आणि धारूर-6 या दोन्ही वाणांची कलमे असतात. धारूर-6 हा वाण परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या अंबाजोगाई येथील सीताफळ संशोधन केंद्राचा. माझे मत असे आहे, की ज्यांना शेतात किंवा मोठ्या अंगणात झाडे लावायची आहेत, त्यांनी शक्य असेल तर अंबाजोगाईच्या केंद्रात स्वतः चौकशी करावी, कारण वाणाची खात्री मूळ ठिकाणी मिळते तशी इतरत्र मिळत नाही. अंगणातल्या एका झाडासाठी अप्पांचे कलम पुरेसे आहे. बियांपासून केलेली रोपेही त्यांच्याकडे असतात आणि ती बरीच स्वस्त असतात, पण त्यांची फळे कशी निघतील हे सांगता येत नसल्याने मी ती सुचवणार नाही. आंबा आणि मोसंबीची कलमे त्यांच्याकडे असतात, तथापि त्या दोन्हींबाबत त्यांचे ज्ञान गुलाबाइतके पक्के वाटले नाही.

सजावटीच्या वस्तूंचा भाग मला अनावश्यक वाटतो. रंगीत दगड, प्लास्टिकची फुले, अतिशय पातळ प्लास्टिकच्या कुंड्या यांनी उजवीकडची सगळी जागा व्यापली आहे. त्या कुंड्या लातूरच्या एका उन्हाळ्यात तडकतात. मातीच्या कुंड्या मात्र चांगल्या भाजलेल्या असतात. बोटाने वाजवून, खणखणीत आवाजाची निवडून घ्यावी.

सेवेबद्दल काही व्यावहारिक गोष्टी. वसाहतीत कुंड्या बदलून देण्याचे काम अप्पांचा पुतण्या करतो आणि ते तो मन लावून करतो. वेटोळे झालेली मुळे कापण्याची त्याची पद्धत बरोबर आहे. फोनवर रोपांची मागणी नोंदवण्यात अर्थ नाही, कारण फोन उचलला जात नाही, आणि उचलला गेला तरी मागितलेला वाण आणि मिळालेला वाण एकच असेल अशी खात्री देता येत नाही. रविवारी सकाळी नऊच्या आत जावे. त्यानंतर गर्दी होते, अप्पा प्रत्येकाला पूर्ण वेळ देत असल्याने थांबावे लागते आणि ऊनही वाढते. संध्याकाळी गेल्यास कामगारच भेटतात, आणि सल्ला हवा असेल तर त्या वेळी जाण्याचा उपयोग नाही.

दिवाळीनंतर पिटुनिया, डायंथस, फ्लॉक्स, अॅस्टर यांची रोपे येतात, ती त्यांनी स्वतः गादीवाफ्यावर केलेली असतात आणि त्यांची प्रतवारी चांगली असते. त्याच सुमारास टोमॅटो, फुलकोबी आणि वांग्याची रोपेही मिळू लागतात. मेथी, पालक आणि कोथिंबीर यांची रोपे घेण्याचे कारण नाही, बी आणून थेट पेरावे. धने मात्र पेरण्यापूर्वी हलके रगडून दोन भागांत मोकळे करावेत, म्हणजे उगवण दाट होते. तुळशीचे रोप 20 रुपयांना मिळते, आणि कार्तिकात वृंदावनात लावायचे असल्यास ते आधीच्या पंधरवड्यात न्यावे, म्हणजे लग्नापर्यंत ते मुळे धरते. उधारी चालत नाही, पावती मागितल्यास मिळते, आणि रिकाम्या पिशव्या व कुंड्या परत नेऊन दिल्यास त्यांची रक्कम पुढच्या खरेदीतून वजा केली जाते.